आजचा शब्द

वोल्फ्सबुर्ग, ६ ऑक्टोबर २०१३

ती. प्रभाताई,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण तुम्ही म्हणाल, फोनवर तोंड वर करून बोलते आणि कागदावर लोटांगण घालते. तेव्हा साधाच नमस्कार.

माझा फोन तुम्ही उचलत नाही हे समजू शकते. पण यशोधन तुमचा सख्खा भाऊ, आईच्या माघारी तुम्हीच त्याला लहानाचा मोठा केलात, त्याचाही उचलत नाही? स्काइपवर तुमच्या नावापुढचा हिरवा ठिपका उर्जा इथे आल्यावर जेमतेम आठवडाभर दिसला, मग गेला तो गेलाच. शेजारच्या अहिल्याकाकूंकडून कळलं की आम्ही घेऊन दिलेला लॅपटॉप तुम्ही खोक्यात घालून माळ्यावर टाकलाय. म्हणून हे पत्र. कऱ्हाडच्या पोस्टमनला तरी तुम्ही दारातून परत पाठवणार नाही.

"थोडे दिवस स्काइप नको" असं मी म्हणाले ते उर्जासाठी. तुम्ही स्क्रीनवर दिसलात की ती हमसाहमशी रडायची. स्क्रीन दोन्ही हातांनी धरून बसायची आणि कॉल संपला की जेवायची नाही. इथल्या पाळणाघरात, म्हणजे किटात, फ्राउ लेमान म्हणून बाई आहेत. त्या म्हणाल्या, आधी तिला हे घर आपलं वाटू दे, मग आत्याशी बोलू दे. मला ते पटलं. मी थोडे दिवस म्हणाले होते, ताई. तुम्ही ते कायमचं करून टाकलंत.

असो. उर्जा मजेत आहे. अगदी रुळली. किटात 'हालो', 'डांके', 'बिट्टे' सगळं म्हणते. फ्राउ लेमान थक्क आहेत; अडीच वर्षांचं मूल इतक्या झटकन नवी भाषा उचलताना त्यांनी पाहिलं नाही म्हणे. मी म्हटलं, तिची आत्या शिशुवर्गाची बाई होती, हिच्यासाठी वेळेआधी नोकरी सोडून घरी बसली, पाया पक्का आहे. बघा, तुमचं नाव इथेही निघतं.

थंडी सुरू झालीय. तुम्ही विणलेला लाल स्वेटर ती अंगातून काढू देत नाही. धुवायचा म्हणजे ती झोपल्यावर धुवावा लागतो.

यशोधनचा नमस्कार. तो सध्या कारखान्यात नव्या गाडीच्या कामात बुडालेला आहे, नाहीतर त्यानंही दोन ओळी लिहिल्या असत्या. राग सोडा.

तुमची,
मुक्ता


वोल्फ्सबुर्ग, ३ नोव्हेंबर २०१३

ती. प्रभाताई,

उत्तर नाही. ठीक आहे. हट्टात मीही काही कमी नाही, हे तुम्हाला माझ्या लग्नापासून माहीत आहे.

परवा ब्राउनश्वाइगला आमच्या संस्थेत गेले होते. प्रबंधाचं काम संपलं तरी चार हेलपाटे उरलेच आहेत. माझे प्राध्यापक विचारत होते, तुझी छोटी प्रोफेसर काय म्हणते? त्यांनाही ती ठाऊक आहे, तुमच्यामुळे. शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात 'आजचा शब्द' लिहायचात, तसा तुम्ही तिला रोज एक शब्द शिकवायचात. इथली संध्याकाळ झाली की मी लॅबमधून धापा टाकत घरी यायची, हेडफोन लावून बसायची, आणि तुम्ही तिला मांडीवर घेऊन म्हणायचात, "सांग आईला आजचा शब्द." काजवा. सांडशी. लोलक. सव्वा वर्षाची असताना ती 'उंबरठा' म्हणाली, तोही स्वच्छ. ते रेकॉर्डिंग मी लॅबमध्ये सगळ्यांना ऐकवलं. एकालाही अर्थ कळला नाही, पण सगळ्यांनी टेबलावर बोटं वाजवली. इथे टाळ्यांऐवजी तसं करतात. माझा प्रबंध झाला तेव्हाही इतकी वाजली नव्हती.

दीड वर्षाची झाली आणि मग पूर्ण वाक्यंच. "आई, मनी पाण्यात पडली, तिला टॉवेल दे." तुमची मांजर कऱ्हाडच्या हौदात पडलेली, मी वोल्फ्सबुर्गात, मी कुठला टॉवेल देणार? पण मी धावत बाथरूममधून टॉवेल आणला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. तिचं समाधान झालं. तो व्हिडिओ मी इथल्या मंडळाच्या गणपतीत इतक्या जणींना दाखवला की ज्यांची मुलं दोन वर्षांची होऊन नुसतं 'बा बा' करत होती त्या मला टाळायला लागल्या. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

सहज विचारते. तहान लागली की ती तुमच्याकडे काय म्हणायची, 'पाणी' की आणखी काही? आणि झोपताना तुम्ही तिला काही म्हणून दाखवायचात का? असंच आपलं, तिच्या तोंडून ऐकायला गंमत वाटते म्हणून. जर्मन डोक्यात इतकं भरलंय की मराठी जरा मागे पडलंय, इतकंच. दोन भाषांतल्या मुलांचं असं होतं, असं डॉक्टरही म्हणाले.

म्हणजे डॉक्टरांकडे नेलं होतं ते नेहमीच्या तपासणीला. काळजीचं कारण नाही.

मुक्ता


वोल्फ्सबुर्ग, १ डिसेंबर २०१३

ती. ताई,

तुमचं कार्ड मिळालं. "उर्जा वरणभात खाते ना? तूप पातळ करून वरून घालणे. झोपताना पाठीवर नुसता हात ठेवणे, थोपटणे नको, जागी होते. प्रभा." मायना नाही, खुशाली नाही, शाळेतल्या शिपायाला द्यावी तशी सूचना. मी ते कार्ड फ्रिजवर लावलंय. त्याच दिवशी तूप पातळ करून घातलं. इतके दिवस मी घट्ट तूप भातावर ठेवून ते वितळायची वाट बघत होते. तिनं ताटलीभर भात खाल्ला आणि मी ओट्याशी, तिच्याकडे पाठ करून रडले.

ताई, मी खोटं लिहिलं. उर्जा बोलत नाही. जर्मन नाही, मराठी नाही, काहीच नाही. किटात ती 'हालो' म्हणत नाही, 'डांके' म्हणत नाही. स्काइप बंद झाल्यापासून तिच्या तोंडून एक शब्द आलेला नाही. तहान लागली की रिकामा पेला घेऊन माझ्यासमोर उभी राहते. पडली, लागलं तर डोळ्यांतून पाणी येतं, आवाज येत नाही.

ती मला घाबरते असंही नाही. कपडे घालू देते, भरवू देते, बोट धरून किटात येते. पाहुण्यांकडे राहायला आलेलं शहाणं मूल कसं असतं, तशी वागते. सांगितलेलं सगळं ऐकते आणि काही मागत नाही. मला हे सहन होत नाही. तिनं हातपाय आपटावेत, मला चावावं, काहीतरी करावं.

कान तपासून घेतले, उत्तम आहेत. डॉक्टर म्हणतात घर बदललं, माणसं बदलली, वेळ द्या. मी त्यांना म्हटलं, हिला दीड वर्षाची असताना पूर्ण वाक्यं यायची. त्यांनी अशी मान हलवली की सगळ्याच आया हेच सांगतात. मला असा राग आला. म्हणून मग फ्राउ लेमानना मी मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवले, सांडशीचा, उंबरठ्याचा, मनीचा. बघा म्हटलं, माझी मुलगी मुकी नाही. त्यांनी सगळे शांतपणे पाहिले.

"ही कुणाशी बोलतेय?" त्यांनी विचारलं.

"माझ्याशी," मी म्हटलं.

त्या पुढे काही विचारणार होत्या, पण तेवढ्यात कुणाचं तरी पोर घसरगुंडीवरून पडलं आणि त्या उठून गेल्या.

तिला घ्यायला कऱ्हाडला मी यायला हवं होतं. माझा पासपोर्ट व्हिसाच्या ऑफिसात अडकला होता म्हणून यशोधन एकटा आला, हे खरं. पण त्याआधीच्या दिवाळीत तो अडकला नव्हता आणि उन्हाळ्यातही नव्हता. दहा महिन्यांचं बाळ तुमच्या हातात देताना मी सहा महिने म्हणाले होते. मग प्रयोग लांबले, मग प्रबंध. आणि ती तर रोज संध्याकाळी दिसत होती, बोलत होती, रोज नवा शब्द सांगत होती. माझं काही चुकतंय असं मला वाटलंच नाही, ताई. मला वाटायचं मी तिथेच आहे.

मुक्ता


वोल्फ्सबुर्ग, १२ जानेवारी २०१४

ती. ताई,

उर्जा बोलली. आधी हे लिहिते, बाकीचं नंतर.

यशोधन कामासाठी स्पेनला गेला होता. आमचा लॅपटॉप आम्ही तुमच्याशी स्काइप बंद झाल्यापासून कपाटावर ठेवून दिला होता, तिला दिसू नये म्हणून. तो समोर असला की ती बंद झाकणाला कपाळ लावून उभी राहायची. पण यशोधनला तिला बघायचं होतं, म्हणून मी तो खाली काढला, कॉल लावून दिला आणि पोळ्या करायला आत गेले. दोन पोळ्या झाल्या असतील, मागून आवाज आला.

"बाबा, तुझा शर्ट निळा आहे."

मी पिठाच्या हातांनी दारामागे येऊन उभी राहिले. ती बोलत होती, ताई. भरभर, न अडखळता. खिडकीतल्या झाडावरची पानं पडली. कुत्रा कोट घालतो. बर्फ गार असतो, खायचा नसतो. हे सगळं मीच तिला सांगितलेलं होतं, बसस्टॉपवर, रस्त्यानं जाताना, हातमोजे घालताना. तुमच्यासारखंच मी रोज एक शब्द सांगत होते आणि ती ढिम्म असायची. मला वाटायचं भिंतीशी बोलतेय. तिनं एकही शब्द सांडला नव्हता. मला इतका अभिमान वाटला की क्षणभर बाकी सगळं विसरले.

मग तिनं विचारलं, "आई कुठंय?"

यशोधन हसला. म्हणाला, आहे की तिथेच, स्वयंपाकघरात, बघ. ती वळली. दारात मी होते. तिनं मला नीट पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडे वळली आणि पुन्हा तेच विचारलं.

मला वाटलं रुसलीय माझ्यावर. रुसेल नाहीतर काय. पण बापाशी तरी बोलते म्हणून मी रोज कॉल लावून द्यायला लागले, आणि खरं सांगते, यशोधनवर जळायलाही लागले. शुक्रवारी तो परत आला. भली मोठी बाहुली घेऊन आला, गुडघ्यांवर बसला, "बाबा आला, उर्जा" म्हणाला. तिनं बाहुली घेतली आणि माझ्यामागे येऊन उभी राहिली. एक शब्द नाही. तो बिचारा अंगातला कोट न काढता तसाच सोफ्यावर बसून राहिला.

मला काही कळत नाहीये. तुम्हाला कळत असेल तर कळवा.

मुक्ता


वोल्फ्सबुर्ग, २ फेब्रुवारी २०१४

ती. ताई,

तुमचं उत्तर आलं नाही. तुम्हाला कळलं असेल आणि म्हणूनच लिहिवलं नसेल, असं आता वाटतं. मला कळायला गेला रविवार उजाडला.

इथे प्रत्येक भाडेकरूला तळघरात एक जाळीची खोली असते. केलर म्हणतात. सायकली, जुन्या बॅगा, बर्फातले बूट असं ठेवायला. रविवारी जेवणं झाल्यावर मी माझा कामाचा लॅपटॉप घेऊन तिथे गेले. वायफाय तिथवर कसंबसं पोचतं. तो जुना हेडफोन लावला. कॉलवर माझ्यामागे नेहमी पिवळा पडदा दिसायचा, तोही काढून नेला आणि बॅगांवर टांगला. वर यशोधननं तिला आमच्या लॅपटॉपसमोर बसवलं. मी कॉल लावला.

तिनं मला पाहिलं. ताई, तुम्ही रोज तिच्या मागे बसायचात. तेव्हाचा तिचा चेहरा तुम्ही समोरून कधी पाहिलाच नसेल.

"आई," ती म्हणाली. मग थांबेचना. बर्फाचं सांगितलं, किटात आंटोन नावाचा मुलगा चावतो ते सांगितलं, बाहुलीचे डोळे मिटतात ते सांगितलं. आत्तू आली नाही, म्हणाली. "आजचा शब्द सांगू?" म्हणाली आणि स्वतःच 'हातमोजा' म्हणाली. मी शाब्बास म्हटलं. माझ्या अंगावर तळघराची थंडी आणि मी घामाघूम झालेली.

"इथे एक मावशी आहे," ती म्हणाली. "ती भात देते. तूप घालते."

"चांगली आहे का मावशी?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

तिनं थोडा विचार केला. "चांगली आहे. रडते." मग स्क्रीनच्या इतकी जवळ आली की मला नुसतं तिचं नाक दिसत होतं. "आई, तू मला घ्यायला कधी येणार?"

तिच्यामागे यशोधन भिंतीकडे तोंड करून उभा होता. आणि मी, ताई, कऱ्हाडला कॉल संपवताना रोज जे म्हणायचे तेच म्हणाले. माझ्या तोंडून ते आपोआप आलं. "लवकर येते हं, सोन्या." तिनं शहाण्यासारखी मान डोलावली. ते उत्तर तिला पाठ आहे.

मी कॉल तसाच टाकून जिने चढत वर धावले. ती दाराकडे बघत उभी होती. मी आत आले. तरी ती दाराकडेच बघत होती, माझ्या मागे, जिन्याकडे, अजून कुणी येतंय का ते. मी खाली बसले, म्हटलं, उर्जा, मीच आई. हेडफोन माझ्या गळ्यात होता. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, आत गेली आणि रिकामा पेला घेऊन आली. मी रडतेय म्हणजे मला पाणी हवं असेल, असं तिला वाटलं असावं. पेला तिनं माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मी मोबाइलवरून लॅपटॉपला कॉल लावला आणि तो लॅपटॉप हातात धरून तिच्यासमोर उभी राहिले, म्हणजे मी आणि स्क्रीनवरची मी दोघी तिला शेजारी शेजारी दिसाव्यात. वाटलं, आता तरी कळेल. ती किंचाळली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझ्यावर आवाज काढला. माझ्या हातातून लॅपटॉप ओढायला लागली. मावशीनं आईला पकडून ठेवलंय असं तिला वाटलं, ताई.

यशोधन म्हणतो आता हे बंद कर, पोरीचं डोकं फिरेल. बरोबर आहे त्याचं. पण मी रोज खाली जाते. नेमानं जाते. दिवसभर मी तिला न्हाऊ घालते, वेण्या घालते, भरवते, तिच्या पाठीवर हात ठेवून झोपवते आणि या सगळ्यात मी तिची कुणीच नसते. तळघरात पाच-दहा मिनिटं मी तिची आई असते. ती मला दिवसभराचं सगळं सांगते, मावशीनं काय काय केलं तेही सांगते. तिच्यासारखं बोलणारं मूल या गावात दुसरं नसेल. मी ते कुणाला दाखवत नाही आता.

निघताना तुम्ही तिला सांगितलं होतं, आईकडे चाललीस. यशोधननं मला सांगितलं, तुम्ही रडला नाहीत, दोनदा तिच्याकडून वदवून घेतलंत, "मी आईकडे चालले." तुमचं ती सगळं खरं मानते. तिच्या मते ती अजून पोचलेली नाही. वाटेत कुठेतरी एका बऱ्या बाईकडे थांबली आहे.

तुम्ही या. स्काइपवरून सांगून भागणार नाही. त्यात तुम्ही तिकडच्या व्हाल आणि मी इकडचीच राहीन. आम्हा सगळ्यांत तुम्ही एकट्याच आहात, ज्यांच्या मांडीवर ती बसलीये आणि ज्यांना तिनं स्क्रीनवरही पाहिलंय. हाडामांसाचं माणूस आणि स्क्रीनवरचं माणूस एकच असतं, हे तिला तुमच्यावरूनच कळलं तर कळेल. या दारातून आत या, माझ्याकडे बोट करा आणि तिला सांगा, हीच ती. तुमच्या तोंडून ऐकलं तर ती मानेल. व्हिसाचे कागद यशोधननं परवा कुरियरनं पाठवलेत. माझा राग असेल तर इथे आल्यावर माझ्याशी बोलू नका, चालेल.

आणि तुम्ही सांगूनही तिला पटलं नाही, तर तिला तुमच्याबरोबर कऱ्हाडला घेऊन जा. मी अडवणार नाही. लॅपटॉप तेवढा माळ्यावरून खाली काढा. रोज रात्री तिला मांडीवर घेऊन बसा, पूर्वीसारखं. तिला तिची आई तिथे तरी मिळेल.

आता थांबते. यशोधननं वर लॅपटॉप लावलाय. मला खाली जायला हवं, ती माझी वाट बघत असेल.

मुक्ता